पांढरा रुमाल

उत्तमरावांनी पेढ्याच्या पाठीवरून, मानेपासून शेपटीपर्यंत, पांढरा रुमाल दाबून फिरवला आणि केतकीसमोर धरला. रुमालावर एकही केस नव्हता.

"बघा मॅडम. आरसा केला की नाही?"

केतकीने लॅपटॉपवरची नजर न काढताच छान म्हटलं. कुकटपल्लीतल्या त्या चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत रोज सकाळी हे असंच चाले. उत्तमरावांनी मलकपेठच्या रेसकोर्सवर तीस वर्षं साईस म्हणून, घोड्यांची निगा राखत, काढली होती. तिथे खरारा झाला की ट्रेनर घोड्याच्या अंगावरून पांढरा रुमाल फिरवायचा, आणि रुमालाला केस लागले की साईसाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. उत्तमरावांवर ती वेळ कधी आली नाही. म्हातारपणी घोडे सुटले, कुत्रं सांभाळायची नोकरी मिळाली, पण रुमाल काही सुटला नाही.

पेढा म्हणजे पूडल आणि गोल्डन रिट्रीव्हर यांचं पोर. केतकी पुण्याची, कंप्युटरवाली. लेक गौरीला दमा, आणि तिला कुत्रं तर हवंच होतं. या कुत्र्यांची कुळकथा केतकीने पहिल्याच दिवशी सांगितली होती. ऑस्ट्रेलियात कुणा आंधळ्या बाईसाठी वाट दाखवणारं कुत्रं हवं होतं, पण नवऱ्याला केसांचा त्रास; म्हणून केस न गाळणाऱ्या पूडलशी लॅब्रॅडॉरची सोयरीक जमवली. पुढे पूडलच्या अशा सोयरिकी वाढतच गेल्या. म्हणजे हा आंतरजातीय, असं म्हणून उत्तमराव पोट धरून हसले होते.

कुत्रं विकणाऱ्याने निगा कशी राखायची त्याचा इंग्रजी कागद दिला होता. केतकी तो वाचून दाखवू लागली तेव्हा मात्र त्यांनी हात वर केला.

"कागद कायकू, मॅडम? तीस वर्षं घोडे केले मी."

तिलाही मीटिंग होती. कागद फ्रिजवर चिकटला तो चिकटलाच.

पेढ्याचा स्वभाव लोण्यासारखा. लिफ्टमधल्या परक्या माणसालाही शेपूट हलवायचा, घरात एकटा राहिला की रडायचा. दिवाळीनंतर मात्र ब्रश दिसला की तो अंग चोरायला लागला. एकदा गुरगुरलासुद्धा. उत्तमरावांनी त्याचा कान मुठीत धरून पिळला, अडेल घोड्याला गप करायला त्याचा ओठ पिळतात तसा, आणि तो गप उभा राहीपर्यंत सोडला नाही. मग रोजच आधी कान, मग ब्रश. महिन्याभरात पेढ्याने गुरगुरणं सोडलं. नुसता थरथरत उभा राहायचा. जनावर वळणावर आलं म्हणून उत्तमराव खूश होते.

जानेवारीत गौरी म्हणाली, पेढ्याला वास येतोय. केतकी पेढ्याला आणि उत्तमरावांना घेऊन कुत्र्यांच्या पार्लरमध्ये गेली. तिथल्या त्रिवेणीने लोखंडी कंगवा केसांत घातला, तो बोटभर जाऊन अडकला. तिने मशीन लावलं. वरून चमकणारी ती लोकर खोगिराखालच्या नमद्यासारखी एकसंध सोलून निघाली. आत कातडी लाल, चिघळलेली होती, आणि काखेत किडे वळवळत होते.

त्रिवेणी म्हणाली, याचे गळलेले केस खाली पडत नाहीत, आतच गुंततात. मग तिने तो सुजलेला, काळानिळा कान उलटून पाहिला आणि उत्तमरावांकडे वळली.

"इत्ता दुख रा था, फिर भी काटा नै आपकू?"

उत्तमरावांचा हात खिशातल्या रुमालावर होता. पेढ्यावरून कसाही फिरवला तरी तो रुमाल स्वच्छच राहणार होता, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांना आपल्याच हातांची लाज वाटली.

घरी आल्यावर केतकीने फ्रिजवरचा कागद काढला. त्यांना बसायला सांगितलं नाही. गौरीसमोर, शांत आवाजात, एकेक ओळ मराठीत करून वाचून दाखवली. वरच्या चमकेवर जाऊ नका. केस उलगडून कातडीपर्यंत विंचरा. अंग चोरू लागला तर त्याला दुखतंय असं समजा. प्रत्येक ओळीनंतर ती थांबायची, आणि ते हो म्हणेपर्यंत पुढे जायची नाही. सात महिन्यांत तिने स्वतः त्या केसांत एकदाही बोटं घातली नव्हती, पण तो विषय काढणार कोण?

"उद्यापासून येऊ नका, काका. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलेत मी. दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याचं असं नको व्हायला."

"हौ, मॅडम," उत्तमराव म्हणाले.

ते पिशवी घ्यायला गॅलरीत गेले. मागून फरशीवर नखं वाजली. उघडानागडा, मलम फासलेला पेढा शेपूट हलवत आला. त्यांच्या हातात पिशवी, पिशवीत वर ब्रश. तो दिसताच शेपूट थांबलं. पेढा आपल्या रोजच्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि थरथरत त्याने सुजलेला कान त्यांच्या हाताशी आणून ठेवला.