तिळाच्या दिवसांत चर

"उशीर झालाय. यादीतनं नाव काढू का तुमचं?" मुकादमानं हजेरीची वही उघडतच विचारलं.

"काढशील बाबा, तुझं काय जातंय!" म्हणत वहिनी कुदळ घेऊन चरात उतरली.

माझं डोकंच फिरलं. वहिनीचा तीळ पिकून उभा होता. तो कापायचा भल्या सकाळी, दहिवराची ओल असताना. ऊन चढलं की बोंडं तडकतात, दाणा मातीत. आणि या सरकारी खोदकामाची हजेरी नेमकी उजाडताच! दोन दिवस चुकले की यादीतनं नाव गेलं, मग उन्हाळ्यात काम मागायला तोंड नाही. गेल्या उन्हाळ्यात तर यादीच नव्हती. काम मागून मागून दमलो. भाऊ शेवटी परमुलखात गेला, तो अजून तिकडंच. कापणार कोण? मी चरात, वहिनी चरात, सगळं गाव चरात.

दुपारी साहेब आले. बाभळीखाली बसून म्हणाले, "अहो, पडत्या काळात सरकारनं हात सैल सोडायचा. लोकांच्या हातात पैसा आला की बाजार चालतो. मोठ्या विद्वानांचं सांगणं आहे."

"विद्वानांचं खरंच असेल," मी म्हणालो. "पण पडता काळ चैत्र-वैशाखात होता. तेव्हा कुठं होतात?"

"मंजुरीचा कागद फिरत होता."

"आणि आता सुगीत उगवली होय? शी!"

नवव्या दिवशी तळ्याकडं पाणी न्यायचा चर संपला. तळ्यापासून दोन हात अलीकडंच. पुढचा तुकडा म्हणे दुसऱ्या खात्याचा. वहिनी धावतच रानात गेली. मी चरापाशीच बसून राहिलो. ती परतली तेव्हा काखेत तिळाची पेंढी होती, बोंडं सगळी तडकलेली.

साहेब खुशीत अहवाल लिहीत होते. "भर सुगीत चाळीस माणसं कामावर! केवढी गरज आहे बघा. पुढच्या वर्षीही याच महिन्यात काम काढू."

"आणि उन्हाळ्यात?" वहिनीनं विचारलं.

"उन्हाळ्यात कागदावर एकही माणूस दिसत नाही, बाई. मागणीच नाही."

वहिनीनं पेंढी उलटी धरली आणि साहेबांच्या कागदावर जोरात झटकली. चार दाणे पडले, एक किडा पडला.

"हेही लिहा," ती म्हणाली.

साहेबांनी फुंकर मारून कागद साफ केला आणि खाली सही ठोकली.