पुसलेल्या ब्राउझरची जबानी

मी ब्राउझर. कुणी न विचारता बोलायची माझी जुनी खोड. तिच्यापायी एका घराचं नुकसान झालं, म्हणून आता बोलताना अडखळायला होतं. या घरातल्या माणसांनी माझ्यात टाइप केलेलं एक अक्षरही माझ्याकडे उरलेलं नाही. खोलीत जे बोललं गेलं ते तेवढं कानांत आहे. तेही नीट क्रमाने सांगता येईल की नाही, कोण जाणे.

माझ्या सवयी मी लावून घेतलेल्या नाहीत. दिसेल ते लक्षात ठेवायचं, येईल त्या संकेतस्थळाला कुकीज, म्हणजे ओळखीच्या खुणा, ठेवू द्यायच्या, मालक कुठून कुठे गेला याचा माग जाहिरातवाल्यांना लागू द्यायचा, हे सगळं घडवणाऱ्यांनीच ठरवून दिलं होतं. बदलायची सोय होती. पण सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, राखाडी बारीक अक्षरांत. घराला दार द्यावं आणि कडी माळ्यावर ठेवावी, तसं. मी ही तक्रार कधी बोलून दाखवली नाही. खरं तर तेव्हा मला ती तक्रार वाटतही नव्हती. मला वाटायचं, मी फार उपयोगी आहे.

माझे मालक वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. शहात्तर वर्षांचे, हाडाचे सभ्य. कुठल्याही पानाने 'सूचना पाठवू का?' असं विचारलं की ते 'हो' दाबायचे. समोरच्याने अदबीने विचारल्यावर नाही कसं म्हणायचं, ही त्यांची रीत. अशी चाळीसेक स्थळं दिवसभर कोपऱ्यातून टुणटुण करू लागली. नको ती एक्स्टेन्शन्स, वरून जोडायची छोटी साधनं, माझ्या पाठीवर बसली. एक पान उघडेपर्यंत प्राध्यापक स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन येत.

त्यांची एक वही होती, इंटरनेटवरची. घराजवळच्या झाडांची. कुठल्या झाडाला कधी पालवी आली, कुठली फांदी कुणी तोडली, रोज सकाळी चार ओळी. अकरा वर्षं. पत्ता त्यांना पाठ नव्हता आणि पासवर्डही नाही. 'झा' टाइप केलं की पुढचं मी भरायचो. अलीकडे त्यांना बरंच काही आठवेनासं झालं होतं, पण माझ्यामुळे ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

त्यांच्या पत्नीच्या ध्यानात आलं होतं. त्या शाळेत ग्रंथपाल होत्या. कुठलं पुस्तक जागेवर नाही हे त्यांना लांबून दिसायचं. नवरा फिरायला गेला की त्या माझ्यासमोर बसून काहीतरी शोधत. आणि मी, लावल्या सवयीप्रमाणे, ते कुणाकुणाला कळू दिलं.

एका सकाळी प्राध्यापकांनी वर्तमानपत्राचं पान उघडलं, तर बाजूला जाहिरात. 'विसरभोळ्या ज्येष्ठांसाठी निवास. आपल्या माणसाला निर्धास्त सोपवा.' दुसऱ्या पानावर तीच. हवामानाच्या पानावरही तीच.

"अगं, हे काय येतंय?"

पत्नी आल्या. पाहिलं.

"मला ठेवायला जागा बघतेस?"

"जागा नव्हते बघत. काय करायचं असतं, ते वाचत होते."

"मला विचारायचंस."

"काय विचारू? तुम्हाला किती विसर पडलाय, आठवतंय का, असं?"

त्यानंतर आठवडाभर घरात फक्त माझी टुणटुण होती.

मग लेक आली. आईने फोनवर काय सांगितलं असेल ते असो. आल्या आल्या ती माझ्यासमोर बसली.

"बाबा, हे काय! तुम्ही दिसेल त्याला हो म्हणत सुटलात?"

"त्यांनी विचारलं."

"लग्नाच्या वेळीही असंच झालं," आतून पत्नी म्हणाल्या. "विचारलं, म्हणून हो म्हणाले."

तिघंही हसली. आठवड्यातलं पहिलं हसू. लेकीचे हात भराभर चालत होते. सूचना बंद केल्या, परक्या कुकीज अडवल्या, एक्स्टेन्शन्स काढून टाकली, माग काढणाऱ्यांना दार लावलं. तिचं काही चुकलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. शेवटी जुनं सगळं पुसायचं पान आलं. हिस्टरी, कुकीज, साठवलेले पासवर्ड, फॉर्ममध्ये भरलेली माहिती. तिने चारही चौकटींत खूण केली आणि बटण दाबलं. आईचं गुपित कुठे शिल्लक राहू नये, एवढंच तिच्या मनात होतं. बाबांना मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी 'झा' टाइप केलं. मी वाऱ्यासारखा चपळ झालो होतो, आणि माझ्यापाशी देण्यासारखं काहीच नव्हतं.

लेकीने खटपट करून वहीचा पत्ता शोधला. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. तेव्हा वहीने एक प्रश्न विचारला. तो अकरा वर्षांपूर्वी प्राध्यापकांनीच निवडलेला होता. 'पत्नीला तुम्ही मनातल्या मनात कोणत्या नावाने हाक मारता?'

लेकीने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? जन्मभर 'अगं' ऐकलंय मी."

प्राध्यापक पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "होतं गं एक. होतं."

गेल्या वर्षीही एकदा हा प्रश्न आला होता. तेव्हा त्यांनी उत्तर लिहिलं होतं आणि मी ते जपलं होतं. त्या चौथ्या चौकटीत, फॉर्ममधल्या माहितीत. एक अक्षर टाइप केलं असतं, तर पूर्ण नाव मी पुढे केलं असतं.

लेक परत गेली. दिवसाला तीनदा उत्तर देता येतं. रोज सकाळी दोघं माझ्यासमोर बसतात. ते एक नाव टाइप करतात. त्या वाचतात, थांबतात, 'चूक' असं येतं. झाडांच्या वहीचं आता त्या नावही काढत नाहीत. परवा फिरायला जायची वेळ झाली म्हणून ते दोन नावांवर उठू लागले, तर पत्नींनी हात धरला.

"बसा. अजून एक राहिलंय."

माझी सेटिंग बदला, जरूर बदला. मी भरवशाचा नव्हतो. पण पुसण्याआधी शेजारच्या माणसाला तेवढं विचारा, यातलं तुझं काय आहे. एवढंच मागतो, आणि तेही उशिराच.

प्राध्यापकांनी आजचं तिसरं नाव टाइप केलंय. त्या चष्मा पुसून वाचताहेत.

खरं नाव एकदा मला माहीत होतं.