डाव्या मडगार्डाचा मठार

गाडी रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला लागली तेव्हा आवाज फारसा झालाच नाही. कर्र्र, एवढेच. जिला चुकवायला गाडी वळवली ती मासळीवाली पाटी सावरत, "बायो, डोळे खंय ठेवलंस?" म्हणून पुढे निघूनही गेली, आणि कावेरी स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली. खाली उतरून बघायची तिची छाती होईना.

शेवटी उतरली. गडग्याच्या जांभ्याच्या चिऱ्याने डाव्या मडगार्डाला अख्खा नारळ बसेल एवढा खड्डा पाडला होता. निळा रंग हातभर खरवडून गेला होता आणि आतला पांढरा पत्रा उघडा पडला होता.

"मेलंय!" कावेरी मोठ्याने म्हणाली. रस्त्यात दुसरे कोणी नव्हते म्हणून बरे.

आता हे 'मेलंय' उगाच नव्हते. गाडी तिचे सासरे भाई यांची. मालवणच्या कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाल्यावर बेळगावच्या एका डॉक्टरकडून त्यांनी ती घेतली आणि गावात मोजून चार गाड्या असतील त्यातली एक आमची, म्हणून मिरवली. दोन वर्षे मिरवली, मग भाईंची नजर अधू झाली. समोरून येते ती म्हैस की बैलगाडी हे कळेना. मुलगा मुंबईला नोकरीत. घरात उरली सून, कन्याशाळेत शिकवणारी. भाईंनी नाइलाजाने तिलाच गाडी शिकवली. नाइलाजाने म्हणायचे ते त्यांनी. कावेरीला विचाराल तर तिच्या आयुष्यात तेवढा आनंदाचा दिवस दुसरा झाला नसेल. कुडाळच्या रस्त्याला गाडी लागली, वारा पदरात शिरला की ती आपल्याशीच हसायची. १९६२ साल ते. बाई गाडी हाकते म्हणून पोरे मागे धावायची, आणि ही हॉर्न वाजवून त्यांना आणखी पळवायची.

भाई पंधरा दिवसांपूर्वी मुंबईला गेले ते नवा चष्मा करायला. जाताना बंदरावर त्यांनी शुद्ध मराठीत बजावले होते. भाई रागात असले किंवा हुकूम देत असले की कोर्टाची भाषा बोलत, एरवी मालवणी.

"कावेरी, मी परत आलो की नव्या चष्म्याने गाडी चारही बाजूंनी तपासणार. एक ओरखडा जरी दिसला, तर चावी माझ्या कनवटीला. पुन्हा मागायची नाही."

भाई गुरुवारच्या आगबोटीने येणार होते. आणि आज होता रविवार.

घरी सासूबाईंनी मडगार्ड बघितले आणि कपाळावर हात मारला. "अगो बाय माजे! आता काय करतलंस?"

"बेळगावाक न्यायची म्हटली तर आठ दिस जातले," कावेरी म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता. "आई, माका गाडी सोडूची नाय. नाय म्हणजे नाय!"

सासूबाई एकदम उठल्या. "आमचो बांब विहिरीवर पडान चेपलो होतो, तो कोणी सरळ केल्यान?"

"महादूकाकांनी."

"मगे? बांब चेपता तसोच ह्यो चेपलो. जा त्याच्याकडे!"

महादूकाका म्हणजे बाजारपेठेच्या टोकाचे तांबट. तांब्याचे हंडे, घागरी, पाणी तापवायचे बांब, सगळे त्यांच्या हातचे. कावेरीने गाडी तशीच त्यांच्या दारात नेऊन उभी केली. म्हातारा बाहेर आला, लुंगी वर खोचली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. त्याचे डोळे असे काही चमकले की कावेरीला वाटले, एवढा मोठा हंडा बिचाऱ्याच्या हाती जन्मात आला नसेल.

"पत्रो तो पत्रोच, बाय. तांब्याचो काय नि लोखंडाचो काय! होतलो सरळ."

"गुरुवारपर्यंत?"

"बुधवारी देतंय. पण रंग उडालो थंयसर हात लावू नको. घामाचो हात लागलो काय गंज धरता. खाऱ्या वाऱ्यात तर दोन दिसात." असे म्हणत त्याने दाराच्या खालच्या कडेवर बोट फिरवले आणि जिभेने च्च केले. "हय बघ. दाराच्या पोटात पाणी जाता, ता भायर पडूक ही बारीक भोका ठेवलेली आसत. ती चिखलान बुजली. पाणी आत रवला, आणि दार आतसून कुजाक लागला. केरसुणीचो हीर घाल नि आठवड्याक एकदा मोकळी कर."

कावेरीने लगेच शेजारच्या केरसुणीतून हीर ओढला आणि तिथेच भोके मोकळी करायला बसली. एका भोकातून चक्क अर्धी वाटी गढूळ पाणी आले. तिला इतका आनंद झाला की खड्ड्याचे दुःख घटकाभर विसरायलाच झाले.

महादूकाका तोवर लाकडी मोगरीने गाडीभर टिचक्या मारत फिरत होते. भांडे कुठे पातळ, कुठे तडकलेले, हे तांबट कानाने ओळखतो. ठण, ठण, ठण. उजव्या मडगार्डापाशी आले आणि आवाज बदलला. बद्द. पुन्हा मारून बघितले. बद्द.

"बाय, हयसर पत्रो नाय. राळ भरलेली आसा."

"राळ? होडीक भरतत ती?"

"तीच. कोणीतरी खड्डो राळेन बुजवल्यान आणि वरसून रंग मारल्यान. बघणाऱ्याक काय कळना नाय. पण आतसून पत्रो तसोच चेपलेलो." 

"त्या बेळगावच्या डॉक्टरान केल्यान असतला."

महादूकाकांनी नखाने कडेचा कण काढला, नाकाशी धरला आणि तोंडभर हसले. "ही आमच्या बंदरावरची राळ गो! मोरी माशाच्या तेलाचो वास येता. बेळगावात होडये खंय असतत?"

कावेरी बघतच राहिली. गाडी मालवणात आल्यापासून ती चालवणारे दोनच. एक ती, आणि दुसरे... आणि मग तिला असे हसू फुटले की पदर तोंडाला लावावा लागला. भाई! नजर अधू झाल्याचे भाईंनी घरात सांगितले ते पाडव्याला. त्याच्या आधी कधीतरी हा पराक्रम झाला होता आणि एखाद्या होडीवाल्याला गाठून गुपचूप मिटवला होता.

"काका, कोणाक सांगू नकात हां."

"माका काय करूचा आसा?" म्हातारा म्हणाला, पण हसायचे काही थांबेना.

डावे मडगार्ड सोडवून त्यांनी दुकानात ठेवून घेतले आणि गाडी तेवढी घरी गेली. सोमवारी शाळा सुटल्यावर कावेरी धावतच गेली. वाळूच्या पोत्यावर मडगार्ड पालथे घालून महादूकाका आतून ठोकत होते. मधल्या खोल भागाला हातच लावायचा नाही, कडेपासून गोल गोल फिरत मध्ये यायचे. एकदम मध्ये मारले तर पत्रा ताणतो आणि मग फुगून बसतो. तिच्या डोळ्यांदेखत खड्डा बशीएवढा झाला, मग रुपयाएवढा, मग नाहीसा. कावेरीने वरून तळवा फिरवला. गुळगुळीत! तिने टाळ्याच वाजवल्या. "काका, तुमका पुरणपोळी!"

मंगळवार-बुधवार शाळेत तपासणी. साहेब बसले होते वर्गात आणि हिच्या डोळ्यांपुढे निळे मडगार्ड. दुकानाकडे फिरकायला काही मिळाले नाही. निरोप तेवढा आला, की गंज धरू नये म्हणून शेंदूर तेलात कालवून पहिला हात दिला, उन्हात वाळवला, वरून होडीचा निळा रंग झाला. शेंदरी मडगार्ड अंगणात ठेवलेले बघून दोन बायका हात जोडून गेल्या, असेही महादूकाकांनी कळवले.

गुरुवारी तीन वाजता ती घरी आली तेव्हा मडगार्ड गाडीला बसलेले होते आणि महादूकाका शेजारी उभे होते, पोरीचे लग्न लावल्यासारखे. कावेरी जवळ गेली आणि जागच्या जागी थिजली.

खड्डा नव्हता. रंग सुरेख जुळला होता. पण सबंध मडगार्डावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातोडीचे बारीक बारीक गोल ठसे उमटले होते. ओळीत, एकसारखे, एकालगत एक. उन्हात नुसते लखलखत होते. घरातल्या बांबावर असतात तसे. कावेरीला रडावे की ओरडावे कळेना.

"काका! ह्या काय केलंत?"

"मठार!" म्हातारा अभिमानाने म्हणाला. "तांबटाच्या हातातसून वस्तू मठारल्याबिगर भायर पडता काय कधी? मठार नसलो तर पत्रो मऊ रवता. आता खुशाल घाल गडग्यार. गडगो फुटतलो!"

"अवो, पण भाई... भाईंका दिसता नये होता! ओरखडो दिसलो तर चावी जातली माजी!"

महादूकाकांचा चेहरा पडला. दोन दिवस जेवणाकडे बघितले नव्हते त्यांनी. "लांबीचो लगदो भरून घासून देतंय. पण दोन दिस लागतले."

तेवढ्यात किल्ल्याच्या बाजूने आगबोटीचा भोंगा ऐकू आला. लांब, जाडा.

सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "गाडी ठेव घराक. टायर बसलो म्हणान सांग. भाई चलत येतले, आणि दोन दिसात काय तां करूक येतला."

सुचवलेले वाईट नव्हते. कावेरीने मडगार्डाकडे बघितले, मग उजव्या बाजूच्या त्या गुळगुळीत, खोट्या मडगार्डाकडे बघितले. आतून चेपलेले आणि वरून राळ. आपणही तेच करायचे? आणि मग रोज गाडी चालवताना कोणी टिचकी मारील म्हणून जीव मुठीत धरायचा? छे! तिला एकदम चीड आली. स्वतःची, भाईंची, त्या राळेची.

"नाय आई. मी बंदरार जातंय. गाडी घेऊन!"

आणि गेली. हॉर्न वाजवत गेली.

आगबोटीवरून उतारू आणणारा पडाव धक्क्याला लागला. भाई उतरले ते काळ्या जाड काड्यांचा नवा चष्मा लावून, मान ताठ. सून वाकून नमस्कार करते आहे तोवर त्यांची नजर गाडीवर गेली. जवळ आले. वाकले. बोट फिरवले.

"कावेरी. हे काय आहे?"

शुद्ध मराठी. कावेरीने श्वास घेतला आणि एका दमात सांगून टाकले. "भाई, रविवारी माज्या हातसून गाडी गडग्यार लागली. खड्डो पडलो. महादूकाकांनी सरळ केल्यानी. मठार त्यांनी आपल्या मनान घातल्यानी, पण खड्डो माजोच. मी लपवतलंय होतंय. मगे ठरवलंय, लपवूचा नाय."

धक्क्यावर हमाल थांबून बघायला लागले. भाईंनी हात पुढे केला. तळवा उघडा.

"चावी."

कावेरीने चावी तळव्यावर ठेवली. ठेवताना डोळ्यांत पाणी आलेच, पण त्याबरोबर डोकेही तापले. ती गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेली.

"भाई, नव्या चष्म्यान ही बाजू पण बघा. नाय तर नुसती आयका."

आणि बोटाच्या पेराने तिने दार वाजवले. ठण. बॉनेट वाजवले. ठण. मग उजवे मडगार्ड.

बद्द.

भाई हलले नाहीत. चष्म्यातून मडगार्डाकडे बघत राहिले. कानांच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग गाल. हळूच इकडेतिकडे बघत ते तिच्याजवळ सरकले.

"कोणी सांगल्यान तुका?" आवाज एकदम खाली आला होता. आणि मालवणीत.

"महादूकाकांच्या मोगरीन."

"घराक?"

"आईंका ठावक नाय."

भाईंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. ओठ दाबून धरले होते, पण पोट हलायला लागले. मग त्यांना आवरेना. धक्क्यावरच्या हमालांनी शिरस्तेदारांना एवढे हसताना कधी बघितले नव्हते. हसता हसता ते गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि त्यांनी मडगार्डावरच्या ठशांवरून पुन्हा तळवा फिरवला, या वेळी सावकाश, बांब विकत घेताना फिरवतात तसा.

"काम मात्र झ्याक केल्यान हां म्हाताऱ्यान."

मग ते तिथलेच दार उघडून बसले, आणि चावी पुन्हा तिच्यापुढे धरली.

"चल, बस. घराक मागसून जाऊ. आधी महादूकडे घी."

"कित्याक, भाई?"

"त्या बाजूची राळ काढूक होयी," भाई म्हणाले. "आणि त्याका सांग, थंयसर पण मठार घाल. एकाच बाजूक बरो दिसना नाय."