धूरबाईची सवय

गाड्यांचा धूर तपासायचं तिचं केंद्र शहराच्या टोकाला होतं आणि सगळे तिला धूरबाई म्हणत. ती कधी रागावली नाही. बावीस वर्षं लोकांच्या गाड्यांच्या मागे वाकून धुराड्यात नळी घालणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार?

पण गेले तीन महिने लोक हे नाव हसून घेत होते आणि ते तिला लागत होतं. एका बड्या कंपनीची नवी डिझेल गाडी चौकाचौकातल्या फलकांवर ‘श्वासाइतकी स्वच्छ’ म्हणून मिरवत होती. बाकी सगळ्या केंद्रांवर ती हसतखेळत पास व्हायची आणि धूरबाईकडे आली की नापास. कंपनीने तक्रार ठोकली: यंत्र बिघडलेलं आहे, नाहीतर बाईंना काम येत नाही. आज त्याचा निकाल होता. दोष तिचा ठरला, तर परवाना जाणार आणि वडिलांनी उभं केलेलं केंद्र बंद होणार.

सकाळी दहाला सरकारी अधिकारी स्वतःचं यंत्र घेऊन आले. कंपनीचा इंजिनियर कडक इस्त्रीच्या शर्टात आला. तिचे बाबा नेहमीच्या स्टुलावर होतेच. त्यांचा डावा कान इंजिनांच्या आवाजाने गेला होता आणि उजवा सोयीप्रमाणे चालायचा.

इंजिनियरने गाडीची मागची चाकं जागच्या जागी फिरणाऱ्या रोलरवर चढवली. पुढची जमिनीवरच राहिली. नियमपुस्तिका मांडीवर घेऊन त्याने ओळीओळीने तपासणी केली. धुरातल्या विषाची मर्यादा ऐंशीची, आणि दोन्ही यंत्रांवर आकडा आला बारा.

“यंत्र ठणठणीत आहे,” इंजिनियर म्हणाला. “म्हणजे प्रश्न बाईंचाच.”

बारा आकडा धूरबाईने या गाडीचा कधी पाहिलाच नव्हता. ती काय चुकत होती, तेच तिला कळेना.

“तू बस गं,” बाबा स्टुलावरून म्हणाले. “रोज करतेस तसं कर.”

ती गाडीत स्टिअरिंगमागे बसली. रोलर फिरू लागले आणि आकडा चारशेवर गेला.

अधिकारी पुढे वाकले. “काय केलंत?”

“काही नाही.”

मग तिचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. ते स्टिअरिंग चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे फिरवत होते. ही बाबांची शिकवण. ‘धुराने माणूस हळूहळू मरतो, सैल स्टिअरिंगने लगेच. गाडी रोलरवर आली की आधी ते बघायचं.’ पुस्तिकेत यातलं काहीच नव्हतं.

तिने हात स्थिर धरले. जरा वेळाने आकडा उतरत बारावर आला. स्टिअरिंग हलवलं, पुन्हा चारशे. तिला सगळं लख्ख कळलं आणि इतका आनंद झाला की तिने उगाचच आणखी एकदा हलवून पाहिलं.

“चाकं फिरतायत आणि स्टिअरिंग हलत नाही,” ती म्हणाली, “म्हणजे आपली परीक्षा चाललीय, हे या गाडीला कळतं, साहेब. तेवढ्यापुरती ती शहाण्यासारखी वागते.”

इंजिनियरचा चेहरा उतरला. “रोलरवर कोणी स्टिअरिंग हलवत नाही,” तो पुटपुटला. नेमकं हे बाबांना ऐकू आलं.

“रस्त्यावर सगळेच हलवतात की,” ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी तिच्याकडून तीन वेळा करून घेतलं आणि प्रत्येक वेळी आकड्याच्या नोंदीखाली सही केली. मग सगळीकडच्या केंद्रांवर तसंच करून पाहिलं गेलं आणि कंपनीचं पितळ उघडं पडलं. फलक एका आठवड्यात उतरले. चारचौघांना दिसावी म्हणून ती गाडी दारात लावणारे आता ती घरामागे लावू लागले. कंपनीची इतक्या वर्षांची अब्रू, चार बोटं स्टिअरिंग फिरवल्यावर गेली. खोटं बोलून मिळवलेली अब्रू जाते तेव्हा हळहळू नये, असं माझं तरी मत आहे.

धूरबाईला लोक अजून धूरबाईच म्हणतात, पण आता गाडीतून उतरून म्हणतात.

वर्षअखेरीस नवी नियमपुस्तिका आली. बाबांच्या उजव्या कानाशी बसून तिने त्यातला नवा नियम वाचला: “तपासणी चालू असताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना चार बोटं फिरवावे.”

“ऐकू नाही आलं,” बाबा म्हणाले. “मोठ्याने वाच.”

पहिल्या वाचनातच स्वच्छ ऐकू आलं होतं त्यांना. ती पोरगी बापाला ओळखून होती. तिने ते पाच वेळा वाचलं.