पडद्यावरच्या मुंग्या

रंगनाथने अँटेनाचा खांब दोन्ही हातांनी धरला, परभणीच्या टॉवरकडे अँटेनाची पाठ केली आणि गच्चीवरून ओरडला,

"आल्या का मुंग्या?"

"लय आल्या!" खालच्या खिडकीतून आश्रुबाचा आवाज आला. "आजून फिरव. साहेब तोंड वाकडं करायलेत."

पाथरीच्या सोसायटीच्या कचेरीत सकाळीच कॉम्प्युटर आला होता. त्याचं चित्र कसं दिसतं, हे आज साहेब पाहणार होते. पास झाला, तर दोघा टायपिस्टांपैकी एकच इथे राहणार; दुसऱ्याने ताडकळसच्या गोदामात पोती मोजायची. नापास झाला, तर कॉम्प्युटरच परत जाणार. एका टेबलाला समोरासमोर बसून, एकाच डब्यातलं खाऊन वर्षं काढलेल्या दोघांनी मिळून ठरवलं होतं, नापास करायचा. डोकं आश्रुबाचं, गच्ची रंगनाथची.

"पडदा हाय म्हणल्यावर अँटेना असणारच की," आश्रुबा म्हणाला होता. रंगनाथला पटलं. त्याने कॉम्प्युटर पाहिला नव्हता. त्या खोलीत पाय धुऊनच जायचं होतं आणि त्याचे पाय गच्चीसाठी राखून ठेवले होते.

खांब तापला. त्याने रुमाल गुंडाळला आणि अँटेनाचं तोंड मारुतीच्या देवळाकडे केलं.

"आता?"

"काईच दिसंना गड्या! धरून ठेव तसंच!"

त्याने धरून ठेवलं. खाली नारळ फुटला. नापास मशीनला नारळ कशाला, असं त्याला क्षणभर वाटलं. पण सोसायटीत निरोपालाही नारळच देत.

बऱ्याच वेळाने तो पाय धुऊन खोलीत आला. पडद्यावरची हिरवी अक्षरं कोरल्यासारखी स्वच्छ होती. समोर आश्रुबा बसला होता आणि दहाही बोटं चालवत होता.

"या रंगनाथराव," साहेबांनी पेढा पुढे केला. "चित्र बघा, कसं लख्ख आहे! आणि हे महिनाभर परभणीत शिकून आलेत, बोलले नाहीत का?"

गेला महिनाभर आश्रुबा सासऱ्याच्या आजारपणासाठी रजेवर होता. रंगनाथने त्याच्या वाटचं टायपिंग केलं होतं, वर सासऱ्यासाठी मुंजाबाला नारळ बोलला होता.

"सासरे कसे हायेत?" त्याने विचारलं.

आश्रुबाची बोटं थांबली.

"बरे हायेत."

"तेवढं माझ्या केबिनमधल्या टीव्हीचं बघा हो कुणीतरी," साहेब म्हणाले. "सकाळपासून नुसत्या मुंग्या आहेत."

रंगनाथने पेढा टेबलावर ठेवला आणि पुन्हा जिना चढला. खांब धरून अँटेनाचं तोंड सावकाश टॉवरकडे आणलं.

"आलं रं रंग्या! लख्ख दिसायलंय!" खालून आश्रुबा ओरडला.

वरून कुणी विचारलं नव्हतं.