परतीचा सामना

"सर, आपल्या संघासंग कोनी खेळत काऊन नाई?"

भागीरथेनं हे भर वर्गात, भूगोलाच्या तासाला, गंगेचा उगम चालू असताना विचारलं. विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत आणि बाकी सगळा वर्ग बसलेला आहे. मागच्या बाकावर रुखमानं हसू दाबायला स्वतःची वेणी दातात धरली. मंगलीनं पुस्तक तोंडापुढं धरलं, तेही उलटं. पैज या दोघींनीच लावली होती. हेडमास्तरांना हे तोंडावर विचारून दाखव, ओटीभर बोरं देतो, त्यात किडकं एकही नाही.

हेडमास्तर गुणवंतरावांपुढं बल्लारपूरची पोरं शिंकसुद्धा मुठीत धरून देत. त्यांनी खडू खाली ठेवला. गंगा हिमालयातच थांबली.

"कोणाला विचारलं का, आमच्याशी खेळता का म्हणून?"

"नाई सर."

"मग ते काय तुझ्या स्वप्नात येऊन खेळतील?"

वर्ग हसला. भागीरथा हसली नाही आणि बसलीही नाही. या वर्षी तिला खो-खोच्या संघाची कॅप्टन केलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या पाठीच्या कण्यात कोणीतरी बांबू घातल्यासारखं झालं होतं.

गुणवंतरावांनी हातावरची खडूची भुकटी झटकली. मग म्हणाले, "गेल्या वर्षी चांद्याला काय झालं, आठवतं?"

आठवत तर होतंच. जिल्ह्यातल्या शाळांचे सामने वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, चांद्याला होत. बल्लारपूरच्या पोरी सकाळच्या गाडीनं गेल्या आणि दुपारच्या गाडीनं परत आल्या. दुष्मनी कोणाशी नव्हती, नशीबही वाईट नव्हतं. पण वर्षभर त्या फक्त आपसात खेळत. मंगली डावीकडं हूल देऊन उजवीकडं पळते हे रुखमाला झोपेतही ठाऊक, आणि रुखमा खो देण्याआधी नाक ओढते हे सगळ्या गावाला. चांद्याच्या पोरी नाक न ओढता खो देत होत्या. तिथंच सगळं संपलं.

"यंदा मी ठरवलंय," सर म्हणाले, "जानेवारी संपायच्या आत बाहेरच्या एका तरी संघाशी खेळून दाखवा. हरा, जिंका, मला फरक नाही. खेळला नाहीत तर संघ चांद्याला जाणार नाही. पत्रं तूच लिहायची. तोंड दिलंय देवानं तुला, आता हातही चालव."

आणि टेबलाच्या खणातून त्यांनी तिला चार जोडकार्डं दिली. जोडकार्ड म्हणजे एकाला एक चिकटलेली दोन पोस्टकार्डं. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते कोरं पाठवायचं. समोरच्याला उत्तर न देण्याचं कारणच उरत नाही.

निदान भागीरथेला तसं वाटलं होतं.

पहिलं कार्ड तिनं चांद्याच्या एका मोठ्या शाळेला धाडलं. उत्तर आठ दिवसांत आलं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर एका ओळीचा. आमच्या मुली अभ्यासात व्यग्र आहेत.

"अभ्यासात," मंगली म्हणाली. "आपल्याले हरवलं तं त्याईले कोनी हार घालनार नाई, अन् आपल्याच्यानं हरल्या तं तोंड दाखवाले जागा नाई. तू असती तं खेळली असती काय?"

"मी असती तं खेळलीच असती," भागीरथा म्हणाली. यात काडीचंही खोटं नव्हतं.

दुसरं कार्ड पोंभुर्ण्याला गेलं. तिकडच्या बाईंनी फार मायेनं लिहिलं. धानाची मळणी चालू आहे, आमच्या संघातल्या सात पोरी खळ्यावर आहेत, उरलेल्या दोघी त्यांची भावंडं सांभाळतात, तेव्हा फाल्गुनात बघू. फाल्गुनात चांद्याचे सामने होऊनही गेले असते. तिसऱ्या शाळेनं आधी सोमवार सांगितला, मग गुरुवार, मग लिहिलं की तुम्हीच या, पंच आमचा असेल, मैदान आमचं असेल आणि भाकरी तेवढ्या तुमच्या आणा. त्या गावाला पोचायला बैलगाडीचा दीड दिवस लागत होता. गुणवंतरावांनी ते कार्ड वाचून नुसतं परत दिलं.

पौष लागला. एक कार्ड उरलं.

भागीरथा ते दप्तरात घेऊन फिरायची आणि संध्याकाळी वर्धा नदीच्या घाटावर जाऊन बसायची. घाटावर नावाडी लालसूभाऊचा डोंगा असे. लालसूभाऊ बोलायचा कमी. पण त्या दिवशी डोंगा बांधता बांधता म्हणाला, "तुह्यासारक्या पोट्ट्या तिकडंबी हायेत."

"तिकडं म्हणजे कुठी?"

त्यानं हनुवटीनं पलीकडचा काठ दाखवला. "राजुऱ्याले. संध्याकाई ओळीनं बसतेत, उठतेत, पळतेत. मले वाटलं कोनाच्या आंगात देवी आली."

भागीरथा घाटावरून घरी पळतच आली. राजुरा समोर दिसत होतं आणि तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. येणार कसं? राजुरा कालपरवापर्यंत हैद्राबादच्या राज्यात होतं, आणि आता मुंबई राज्यात आलं तरी नांदेड जिल्ह्यात गेलेलं. नकाशात ते गावच दुसऱ्या पानावर असायचं. घरी तर त्याचं नावही निघत नसे. तिचे वडील नानाजी कागदाच्या मिलमध्ये बांबू उतरवणाऱ्यांचे मुकादम. निजामाच्या वेळी, कोण्या एका साली, राजुऱ्याच्या नाक्यावर झडती देता देता ते आपलं नवं घोंगडं तिथंच विसरून आले, आणि रागानं परत मागायलाही गेले नाहीत. तेव्हापासून नदीपलीकडं ते बघतसुद्धा नव्हते.

"मोगलाई हाये ते," म्हणायचे.

"मोगलाई जाऊन दहा वर्सं झाली, बाबा."

"मोगलाई गेली अशीन. नदी तं तिथीच हाये ना?"

शेवटचं जोडकार्ड भागीरथेनं 'खो-खोच्या संघाची कॅप्टन, राजुरा' एवढ्याच पत्त्यावर टाकलं. उत्तर चौथ्या दिवशी आलं. पेन्सिलीनं, कार्डाच्या कडेपर्यंत, शेवटी जागा संपली म्हणून पत्त्याच्या भोवतीही.

'बहीण भागीरथा यांस. मी धुरपता. आम्ही नऊ जणी आहोत, दोन खांब आहेत, आणि खेळायला कोणी नाही. नांदेड इतकं दूर की सामन्याला गेलो तर परत येईस्तोवर परीक्षा होऊन जाईल. हेडमास्तर म्हणतात, जिल्ह्याबाहेर संघ न्यायचा तर नांदेडहून परवानगी पाहिजे. ती येईस्तोवर आमची लग्नं होऊन पोरं शाळेत जातील. तरी तू काही युक्ती काढ. आम्ही नदी ओलांडू, भीत नाही. पण एक सांगते. आम्ही एकदा ओलांडली तर तुम्हीही एकदा ओलांडायची. कबूल असेल तर लिही, नसेल तर कार्ड खराब करू नको.'

भागीरथेनं हे इतक्यांदा वाचलं की पेन्सिल पुसट झाली. न पाहिलेल्या माणसाची इतकी ओढ लागते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं धावत पोस्टात जाऊन नवं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'कबूल.' घरी विचारलं नाही. सरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं कशाला विचारायचं?

युक्ती मात्र सापडेना. गुणवंतरावही तेच म्हणाले, "जिल्ह्याबाहेरचा संघ शाळेत बोलवायचा तर मलाही वर लिहावं लागेल. वरून उत्तर यायला उन्हाळा उजाडेल."

संक्रांत चार दिवसांवर आली. माय चुलीपाशी तीळ भाजत होती. भागीरथा जात्याला टेकून तोंड पाडून बसली होती.

"राजुऱ्याची गुणाबाई यंदा येते का नाई, कोनाले मालूम," माय म्हणाली. "दरसाल नदीवर भेटते. वान देते, तिळगूळ खाते, दोन सुखदुःखाच्या गोष्टी करते, जाते. लय जीव हाये तिचा."

"ती कशी येते?"

"कशी म्हंजे? डोंग्यात बसून येते. संक्रांतीच्या जत्रेले अख्खं राजुरा येते ना."

"परवानगी कोनाची घेते?"

माय हसली. "जत्रेले जायाले परवानगी लागते काय वो?"

भागीरथा उठली, मायच्या हातातली तिळाची पळी घेतली, ती जमिनीवर ठेवली आणि मायला मिठी मारली. "जळले माहे तीळ," माय म्हणाली. जळले खरे थोडे.

संघ जिल्ह्याबाहेर जात नाही. नऊ पोरी आपापल्या मायसोबत जत्रेला येतात, एवढंच. शाळा त्यात कुठंच नाही. लालसूभाऊबरोबर धुरपताला तसा निरोपही गेला. भागीरथेनं हे गुणवंतरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. जत्रेला मीही जातो दरवर्षी, घरच्यांना घेऊन."

संक्रांतीच्या सकाळी घाटाखालच्या वाळूत लालसूभाऊनं कटंग बांबूचे दोन जाड खांब ठोकले आणि म्हणाला, "आता इथीबी येईन देवी." मग दोन खेपांत त्यानं धुरपताच्या पोरी आणल्या. परकर खोचलेल्या, केसांना करंजीचं तेल चोपडलेल्या नऊ पोरी वाळूत उतरल्या, आणि त्यांच्या मागून त्यांच्या माया, मावश्या, वाणाच्या पिशव्या. धुरपता भागीरथेच्या खांद्याएवढीच होती. भागीरथेला ती निदान सहा फूट वाटली होती.

"तू भागीरथा?"

"तू धुरपता?"

"मले वाटलं तू जाडी अशीन," धुरपता म्हणाली. "अक्षर जाडं हाये तुहं."

पंच कोण, हे कोणी ठरवलंच नव्हतं. तेवढ्यात नारळ घेऊन फिरणाऱ्या एका गृहस्थानं कोटाच्या खिशातून शिट्टी काढली. ते गुणवंतराव होते. "सहज होती खिशात," ते म्हणाले.

खेळ सुरू झाला. आठ जणी खांबांमध्ये ओळीनं बसल्या, नववी धावायची. पळणाऱ्या तिघी तिला चुकवायच्या. वाळूत पाय रुतत होते, पण राजुऱ्याच्या पोरी वाळूतच वाढलेल्या. त्या लांब ढांग टाकतच नव्हत्या, चिमणीसारख्या टुणटुण पळायच्या. मंगलीनं डावीकडं हूल दिली. राजुऱ्याच्या पोरीला ती हूल ठाऊक नव्हती, ती फसली, आणि मंगली आनंदानं इतकी ओरडली की पुढच्याच खोला बाद झाली. रुखमानं नाक ओढलं, आणि ओढण्याचा अर्थ समोर कोणालाच कळला नाही, म्हणून दोन गडी मिळाले. भागीरथा शेवटपर्यंत टिकली. शेवटी धुरपतानं खांबाला वळसा घालून वाळूत झेपच घेतली आणि तिच्या पायाला बोटं लावली. दोघी आडव्या पडल्या. भागीरथेच्या तोंडात वाळू गेली, आणि ती हसत होती.

राजुऱ्याचे चौदा, बल्लारपूरचे अकरा.

हरूनही कोणाचं तोंड पडलं नाही. तिळगूळ वाटला. माय आणि गुणाबाई एकमेकींचे हात धरून रडत-हसत बसल्या, दरसालसारख्याच. गुणवंतराव म्हणाले, "झालं. चांद्याला जायची तयारी करा." पोरींनी लालसूभाऊसकट सगळ्यांना गोल घुमवलं.

भागीरथेनं मात्र त्यांना बाजूला गाठलं. "सर, परतीचा सामना? मी लिहून देलं हाये त्याईले, का आमी येतो."

"कोणाला विचारून?"

"कोनाले नाई."

सरांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "ठरलं होतं तेवढं झालं, भागीरथा. पलीकडं शाळेचा संघ मी नेऊ शकत नाही. नियमात बसत नाही ते."

डोंगा निघाला. धुरपता टोकावर बसली होती. पाण्यावरून तिचा आवाज आला, "चांद्याच्या आधी ये. नाई तं मी समजीन बल्लारपूरच्या पोट्ट्या कार्डावरच खेळतेत."

भागीरथा घाटावर उभी राहिली, डोंगा बोटाएवढा होईपर्यंत. तिथून ती आधी लालसूभाऊच्या खोपटात गेली, मग मंगलीच्या घरी, मग रुखमाच्या, आणि अशीच उरलेल्या सहाही घरी. दिवेलागणीला ती घरी आली तेव्हा माय भाकरी थापत होती आणि बाबा ओसरीवर पाय धूत होते.

भागीरथेनं चप्पल काढली नाही. दारातच उभी राहिली, पाठ ताठ करून.

"माय, बाबा, ऐका. येत्या बाजाराच्या दिवशी आपन तिघंबी राजुऱ्याले जाऊन राह्यलो. संघ नाई जात, शाळा नाई जात. आपन बाजाराले जातो. मंगलीचे बाबा येतेत, रुखमाची माय येते, नऊच्या नऊ घरं येतेत, लालसूभाऊले तीन खेपा सांगून ठेवल्या. माय गुणाबाईच्या घरी जेवीन. मी खेळीन, कारन मी शब्द देला हाये, अन् या खेपेले वाळूबी त्याईचीच राहीन. अन् बाबा, तुमी नाक्यावर जाऊन आपलं घोंगडं मागून घ्या."