आवाज राडेकचा, माइक माझा

मी राडेकच्या टेबलाशेजारी खिळ्याला लटकणारा हेडफोन बोलतोय. नुसता हेडफोन नाही हं, माइकवाला! दोन कान आणि एक तोंड. डोळे मात्र बनवणाऱ्याने दिले नाहीत, त्यामुळे मी सांगतोय ते सगळं ऐकलेलं. पण ऐकण्यात माझा हात कोण धरणार?

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एका बाईने माझ्या तोंडावर टिचकी मारली, पलीकडून कुणीतरी "चालतोय" म्हणालं आणि मला खोक्यात कोंबलं. खोकं उघडलं ते थेट पोलंडमधल्या लुब्लिनमध्ये, राडेकच्या घरी. माझ्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. वर पोलिश भाषांतरातल्या चुका काढून बायकोला मोठ्याने वाचून दाखवल्या. मी मनात म्हटलं, बाबा रे, आपली गाठ कुणाशी पडलीय!

राडेक एका कंपनीसाठी घरी बसून प्रोग्राम लिहितो. माणूस सोन्यासारखा, पण खोड काढल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही. त्याच्या ऑफिसात रोज सकाळी एक 'उभी सभा' असते. उभ्याने घेतली की लवकर आटपते म्हणे. प्रत्यक्षात सगळे आपापल्या घरी खुर्चीत लोळत असतात. खुर्च्यांची करकर माझ्याशिवाय कोणाला माहीत!

"आपण जरा या विषयावर अलाइन होऊया," त्याची साहेबीण ओक्ताविया म्हणायची.

"एकमत करूया म्हण ना. पोलिश भाषा मेली का?" राडेक म्हणायचा.

"राडेक, तुझा फीडबॅक मी नोट केला."

"बघा! एका वाक्यात दोन इंग्रजी शब्द!"

मग मला डोक्यावरून काढून टेबलावर आपटायचा. लागायचं मला, पण राग माझ्यावर नाही हे कळायचं.

टीव्हीवर तर त्याचा दातच होता. जाहिराती मालिकेपेक्षा मोठ्याने का लागतात? चित्र इतकं गुळगुळीत का, की सिनेमा पाहतोय की लग्नाचं शूटिंग? कुणाच्या नामदिनाला, म्हणजे आमच्याकडच्या नावाच्या वाढदिवसाला, जेवायला गेला तरी यजमानांच्या टीव्हीची सेटिंग बदलून यायचा. हालश्का, म्हणजे त्याची बायको, घरी परतल्यावर त्याला फैलावर घ्यायची. "लोक केक खायला बोलावतात रे, दुरुस्तीला नाही!"

पण त्याचा खरा राग होता लेक्टरवर. आमच्याकडे परदेशी सिनेमा टीव्हीवर लागला, की त्यातली माणसं आपल्या भाषेत बोलत राहतात, जरा दबक्या आवाजात, आणि वरून एकच बाप्या सगळ्यांचं बोलणं पोलिशमध्ये वाचून दाखवतो. नवरा तोच, नवरी तोच, पाळण्यातलं पोरही तोच. सुरात चढ नाही, उतार नाही. आमच्या लोकांचा जीव त्या आवाजावर! हालश्का त्या आवाजाच्या सोबतीने इस्त्री करायची, भाज्या चिरायची.

"बाळंत होणारी बाईसुद्धा घोगऱ्या पुरुषाच्या आवाजात!" राडेक ओरडायचा. "खाली अक्षरं द्या, संपला विषय. वाचायचा आळस, दुसरं काय!"

आणि मला डोक्यावर चढवून आतल्या खोलीत मूळ भाषेतला सिनेमा अक्षरं वाचत बघायचा. तोच सिनेमा बाहेर हालश्का लेक्टरसकट बघायची. एका घरात एक सिनेमा दोन खोल्यांत दोघं वेगवेगळा बघतायत, हे मला जरा विचित्र वाटायचं. पण मला कोण विचारतो?

मग हालश्काची आई, काझिमिराबाई, राहायला आल्या.

त्या झामोश्चला एकट्या राहायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनचा नंबर वसंतात लागणार होता. त्याआधी एकदा त्यांनी चहाचं उकळतं पाणी पेल्याऐवजी स्वतःच्या हातावर ओतलं. हालश्का तशीच गाडी घेऊन गेली आणि आईला सामानासकट उचलून आणलं. दारात सपाता घालता घालताच बाईंनी बजावलं, "पाहुणी आहे मी. मुक्कामाला आलेली नाही."

दिवसभर काय करणार बिचाऱ्या? विणकाम दिसेना, पेपर दिसेना. एका संध्याकाळच्या तुर्की मालिकेवर त्या दिवस काढायच्या. नेस्रिन नावाची बाई, नवऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेते, असं काहीतरी. लेक्टर वाचायचा, बाई ऐकायच्या, मधूनमधून नेस्रिनला चार शब्द सुनावायच्या. आणि नेस्रिनला पोलीस न्यायला आले त्याच भागानंतर चॅनलने मालिका बंद केली!

बाईंचा तोल गेला. "तिला तुरुंगात टाकून हे गेले जेवायला? लाजा नाहीत का?"

पुढचे सगळे भाग इंटरनेटवर आहेत, हे राडेकने शोधून काढलं. पण तिथे लेक्टर नव्हता. तुर्की आवाज आणि खाली पोलिश अक्षरं.

"झालं काम! अक्षरं आहेत की," राडेक उत्साहाने म्हणाला.

"जावईबुवा," बाई थंडपणे म्हणाल्या, "मला तुमचं नाक दिसत नाही, अक्षरं कुठून दिसणार?"

त्यानंतर घर गप्प झालं. बाई खोलीत बसून राहू लागल्या. आंबट सूप केलं तरी दोन चमचे घेऊन ताट सरकवल्याचा आवाज यायचा. आठवड्याभरात त्यांनी बॅग भरली. चेनचा आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला.

"मी काय तुमच्याकडे कपाट म्हणून राहू? शनिवारच्या बसने जाते. माझ्या घरी मला सगळं हाताला लागतं."

हालश्का आतल्या खोलीत आली, दार लोटलं आणि रडायलाच लागली. "ती एकटी गॅस पेटवणार, राडेक. ती काही ऑपरेशनपर्यंत राहत नाही आता. काहीतरी कर ना. एरवी टीव्हीबद्दल इतकं बोलतोस!"

राडेकने मला डोक्यावर घातलं. याचा अर्थ, तो कामाला लागला.

आधी त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे यंत्राकडून काम करून घ्यायचं ठरवलं. खालची अक्षरं आपोआप मोठ्याने वाचणारा एक प्रोग्राम जोडला. संध्याकाळी बाईंना सोफ्यावर बसवून सुरू केला. यंत्राने नेस्रिनचं बोलणं, वकिलाचं बोलणं आणि तुरुंगाच्या दाराच्या करकरीचं वर्णनसुद्धा एका दमात म्हणून टाकलं.

"हा श्वास कधी घेतो?" बाईंनी विचारलं.

"यंत्र आहे, आई."

"मग त्याला झोपव."

राडेकने उसासा टाकला. हालश्का दारातच उभी होती. तिच्या सपाता हलल्याच नव्हत्या. मग राडेक खाकरला आणि म्हणाला, "बरं, मी वाचतो."

अहो, काय सांगू! ज्याने लेक्टरला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, तोच मला डोक्यावर ठेवून बाईंच्या शेजारी वाचायला बसला. पण लेक्टरसारखं वाचेल तर तो राडेक कसला! त्याला ते सुधारून दाखवायचं होतं. नेस्रिनसाठी बारीक आवाज, वकिलासाठी खर्जातला, सासूसाठी नाकातला. नेस्रिन कोठडीत हुंदके द्यायला लागली तसा हाही हुंदके द्यायला लागला. माझ्या तोंडावर थुंकी उडाली, ती वेगळीच.

"बंद कर," काझिमिराबाई म्हणाल्या. "तुला काय होतंय?"

"अभिनय करतोय, आई."

"कुणी सांगितलाय? ती रडतेय ना तिकडे. मला ऐकू येतंय तिचं रडणं. तू तिच्यावर रडलास तर तिचं ऐकू कसं? तू नुसतं काय म्हणाली ते सांग आणि बाजूला हो. आणि इथे माझ्या शेजारी बसू नकोस. लेक्टर कधी सोफ्यावर बसलेला पाहिलाय का?"

राडेक सोफ्यावरून उठला. त्याला कुणी गप्प केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग आमची खरी जोडी जमली. त्याने मला आतल्या खोलीत संगणकाला जोडलं आणि माझ्या तोंडातला आवाज थेट बाहेरच्या टीव्हीतून निघेल अशी सोय केली. तो बोलला की तुर्की आवाज आपोआप दबायचा, थांबला की वर यायचा. मूळ माणूस बोलायला लागल्यावर क्षणभर थांबायचं, मग सपाट आवाजात सांगायचं, आणि त्याचं वाक्य संपताना आपण आधीच गप्प झालेलं असायचं. सोपं वाटतं ना? करून बघा! पहिले काही दिवस तो नेस्रिनच्या अंगावरून रणगाडा घालायचा. हळूहळू शिकला. आपण बोलायचं आणि तरीही मधे यायचं नाही, ही गोष्ट त्याच्या स्वभावातच नव्हती. पण तो शिकला, मी साक्षीदार आहे.

शनिवार आला, बस गेली, काझिमिराबाई गेल्या नाहीत. "नेस्रिनचा खटला उभा राहू दे," म्हणाल्या, "मग बघते." खटला लांबला. तुर्की मालिकांची ही एक चांगली खोड आहे. हालश्का स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली, कांदा-खसखस लावलेले पाव भाजायला लागली. मीही मजेत होतो. इतकी वर्षं माझ्या तोंडातून तक्रारी जायच्या. आता आठ वाजले की कुणीतरी माझी वाट बघत होतं.

एक गंमत सांगतो. ऑफिसच्या सभेत एक नॉर्वेचा ग्राहक आला. भरभर इंग्रजी बोलायचा, आणि तेही असं की निम्म्यांना कळेना. राडेकच्या तोंडून आपसूक सुरू झालं: क्षणभर थांबून, सपाट आवाजात, वाक्यामागून वाक्य पोलिशमध्ये. कुणी हरकत घेतली नाही. कुणी मधे बोललं नाही. सगळे पोलिश! लेक्टर सुरू झाला की आपण पाय पसरून ऐकायचं, एवढंच त्यांना ठाऊक. एकाने तर चिप्सचं पाकीट फोडलं. ग्राहक गेला तरी सगळे गप्पच.

शेवटी ओक्ताविया म्हणाली, "पुढचा भाग कधी?"

"अलाइन होऊन सांगतो," राडेक म्हणाला आणि स्वतःच हसला. मला त्या दिवशी कुणी आपटलं नाही.

वसंतात ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, मग दुसरा. आणि काय विचारता! बाईंनी घरात फिरून बरण्यांवरची लेबलं मोठ्याने वाचली. सोफ्याखाली वाकल्या आणि ओरडल्या, "हालश्का! इतके दिवस मी या धुळीत राहत होते?" हालश्का हसत होती आणि नाकही ओढत होती. बॅगेची चेन पुन्हा वाजली. पण या वेळी भरताना बाई गुणगुणत होत्या, म्हणून कुणाला वाईट वाटलं नाही. निदान तसं कुणी बोललं नाही.

तोवर डॉक्टरांनी टीव्हीकडे बघू दिलं नव्हतं, नुसतं ऐकू दिलं होतं. जायच्या आदल्या संध्याकाळी बंदी उठली, तशी राडेकने बाईंना मालिका लावून दिली, खाली मोठी अक्षरं ठेवली आणि आत येऊन मला खिळ्याला अडकवलं. बाहेर नुसतं तुर्की चालू. माझं काम संपलं होतं. खरं सांगतो, तो खिळा मला त्या दिवशी फार टोचला.

थोड्या वेळात सपाता फटफटत आल्या.

"काय रे? घसा बसला का?"

"नाही, आई. आता अक्षरं दिसतात ना तुम्हाला?"

"दिसतात की. चांगली टपोरी दिसतात."

"मग?"

"मग काय मग? अक्षरं वाचत बसले तर नेस्रिनकडे बघू कधी?" बाईंच्या सपाता टीव्हीकडे वळल्या. "सगळा हिवाळा तिला नुसती ऐकली मी. आज पहिल्यांदा तिचं तोंड बघतेय. केवढे डोळे आहेत तिचे! तू वाच. मला बघू दे."

राडेकने मला खिळ्यावरून काढलं, आणि इतक्या हळू काढलं की माझी वायरसुद्धा हलली नाही.

आता काझिमिराबाई झामोश्चला आपल्या घरी असतात. स्वतःचा गॅस स्वतः पेटवतात. माझ्या कानांवरचं आवरण सोलवटलंय, एका बाजूला चिकटपट्टी आहे. ऑफिसने राडेकला नवाकोरा हेडफोन पाठवलाय, सभांना तो तोच वापरतो. वापरू दे, मला नको त्या सभा. संध्याकाळी मात्र तो मलाच डोक्यावर घालतो आणि झामोश्चला फोन लावतो. दोघं एकाच वेळी मालिका सुरू करतात, राडेक फोनवर वाचतो, आणि हालश्का इस्त्री बाजूला ठेवून राडेकच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसते. एका घरातल्या दोन खोल्या आता एक झाल्यात.

चला, निरोप घेतो. आजच्या भागात नेस्रिन सुटली. तुरुंगाचं दार वाजलं, राडेकने वाक्यासाठी श्वास घेतला, आणि फोनवरून बाई म्हणाल्या, "थांब रे, हिच्याकडे बघू दे जरा." राडेक थांबलाय. हालश्काही श्वास रोखून बसलीय. तुम्हीही जरा गप्प बसा.